आईचा एक तरी चांगला फोटो

घरात कॅमेरा असतो, हौसही असते. तरी चेहरा कधी हललेला येतो, कधी काळवंडलेला. खिडकीतला उजेड आणि कॅमेऱ्याची दोन-तीन बटनं एवढ्यावर घरच्या माणसांचे स्वच्छ, ठसठशीत फोटो कसे काढायचे, त्याविषयी...

लग्नाचा अल्बम असतो, बारशाचा असतो, मुलांच्या गॅदरिंगचे तर ढिगाने फोटो असतात. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा, भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो शोधायची वेळ आली की सगळ्यांची धावपळ उडते. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो सापडतो. त्यात आजी तिसऱ्या रांगेत, निम्मा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. मग स्टुडिओवाला तेवढाच चेहरा कापून घेतो, मोठा करतो, मागे निळा रंग भरतो. फ्रेममध्ये जो फोटो येतो त्यात आजी असतात, पण आपल्या आजी नसतात. हनुवटीवरचं गोंदण पुसलेलं असतं आणि डोळ्यांतली मिश्कील चमकही गेलेली असते. मागे राहणाऱ्यांना ती चुटपुट वर्षानुवर्षं पुरते.

खरं तर अशी वेळ येण्याचं कारण नाही. आज बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादा छोटा डिजिटल कॅमेरा पडून आहे. कुणाकडे मुलाने हौसेने घेतलेला डीएसएलआर आहे. मोबाइल तर सगळ्यांकडेच आहे. यंत्राची कमतरता नाही. कमी पडतो तो दहा मिनिटांचा निवांत वेळ आणि थोडी माहिती.

हे आपलं काम नाही?

'ते कॅमेऱ्याचं आमच्या ह्यांना विचारा' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी एक खरी गोष्ट. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही १८१५ साली कोलकात्यात जन्मलेली बाई. पुढे ती इंग्लंडमध्ये राहायला गेली. १८६३ च्या नाताळात लेकीने आणि जावयाने तिला एक कॅमेरा भेट दिला, तेव्हा तिचं वय होतं ४८. मुलं मोठी झालेली, घरात एकटेपण आलेलं. तिने कोळसा ठेवायच्या खोलीची डार्करूम केली आणि काचा लावलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. घरच्या मोलकरणी, शेजारपाजारचे, येणारे-जाणारे पाहुणे अशा सगळ्यांचे तिने फोटो काढले. त्या काळी एका फोटोसाठी समोरच्याला मिनिटभर आणि कधी त्याहूनही जास्त वेळ स्थिर बसावं लागे. तिचे फोटो थोडे पुसट येतात म्हणून तेव्हाच्या जाणकारांनी नाकं मुरडली. आज तेच फोटो जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचं नाव घ्यायलाच हवं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईबाई देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या यजमानांच्या नावाने छापून येत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. तेव्हा कॅमेरा हे बायकांचं काम नाही, ही समजूत आधी मनातून काढून टाकूया.

आधी उजेड, मग कॅमेरा

चांगल्या फोटोची निम्मी तयारी कॅमेरा हातात घेण्याआधीच होते. फोटो म्हणजे मुळात उजेडाचाच खेळ. आपल्या घरात सगळ्यांत सुंदर उजेड असतो तो खिडकीचा आणि दाराचा. थेट ऊन आत येत नसेल अशी खिडकी निवडा. आईंना खिडकीपासून दोन-तीन फुटांवर खुर्चीत बसवा आणि चेहरा थोडा खिडकीकडे वळवायला सांगा. अगदी समोर नको, तिरपा. म्हणजे एका गालावर छान उजेड येतो, दुसऱ्या गालावर हलकी सावली राहते आणि चेहऱ्याला उठाव येतो. खिडकीपासून जितकं लांब जाल तितका उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून माणूस खोलीच्या कोपऱ्यात बसवू नका. खिडकीकडे पाठ करूनही नको, चेहरा काळा येईल.

सावलीची बाजू फारच काळपट वाटली तर स्टुडिओतल्या छत्र्या लागत नाहीत. घरातली पांढरी चादर किंवा धुतलेलं धोतर दोघींनी त्या बाजूला धरलं तरी पुरतं. मखर करून उरलेला थर्माकोलचा पांढरा तुकडा असेल तर उत्तमच. उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर परत येतो.

बाहेर काढायचा असेल तर ओसरी, पडवी, जिन्याखालची सावली, झाडाची दाट सावली या जागा चांगल्या. दुपारी बारा-एकच्या उन्हात फोटो काढूच नये. सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि माणूस डोळे बारीक करून त्रासलेला वाटतो. सकाळी आठ-नऊपर्यंतचा किंवा संध्याकाळी पाचनंतरचा उजेड मऊ असतो.

आणखी एक गोष्ट. भोवतालचा रंग चेहऱ्यावर उतरतो. पावसाळ्यात अंगणात निळी ताडपत्री बांधलेली असते, तिच्याखाली काढलेल्या फोटोत चेहरे निळसर येतात. गर्द हिरव्या भिंतीशेजारी बसवलं तर गाल हिरवट दिसतात. खिडकीच्या उजेडात फोटो काढताना खोलीतला दिवा बंद ठेवा, नाहीतर एक गाल पिवळा आणि एक निळसर अशी गंमत होते.

फोटो हलतो, म्हणजे नेमकं काय होतं?

फोटो स्पष्ट न येण्याची कारणं तीन, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून आधी दुखणं ओळखायचं. फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघा.

सगळाच फोटो फराटा ओढल्यासारखा दिसत असेल, चेहराही आणि मागची भिंतही, तर हात हलला. मागची भिंत स्वच्छ आहे पण चेहरा तेवढा पुसट, त्यातही हाताची बोटं जास्तच पुसट, तर समोरचा माणूस हलला. आणि चेहरा मऊ पण कान किंवा मागचं कॅलेंडर अगदी कोरीव, तर फोकस चुकला.

हात किंवा माणूस हलला असेल तर औषध म्हणजे शटरचा वेग. शटर ही कॅमेऱ्याची पापणी. ती जितका कमी वेळ उघडी राहील तितकी हालचाल कमी टिपली जाईल. शांत बसलेल्या मोठ्या माणसासाठी सेकंदाचा १२५ वा भाग, म्हणजे १/१२५ हा वेग ठेवावा. लहान मुलांसाठी १/२५०, आणि ती पळत असतील तर त्याहूनही जास्त. घरातल्या अंधुक उजेडात ऑटोवर ठेवलेला कॅमेरा कधीकधी १/१५ पर्यंत खाली येतो. तिथेच घोटाळा होतो.

मग उजेड कमी आणि वेग तर हवा, हे जमायचं कसं? त्यासाठी आयएसओ वाढवायचा. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याने मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा त्याचं माप. बाहेर १०० ते २०० पुरे. घरात खिडकीजवळ ८०० पासून १६०० पर्यंत बिनधास्त न्या. आयएसओ वाढला की फोटोत थोडी रवाळ बारीक खडी येते, खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात ती जरा जास्तच दिसते. पण खडी असलेला स्पष्ट फोटो घरात लावता येतो, हललेला फोटो कशालाच उपयोगी पडत नाही.

कॅमेरा धरण्याचीही रीत आहे. दोन्ही कोपर अंगाला टेकवा, डावा हात लेन्सखाली घ्या, पाठ दाराच्या चौकटीला टेकवा. श्वास हलकेच सोडा आणि बटन दाबा. दाबा म्हणजे खटकन नव्हे. पिकलेला आंबा दाबून बघतो तितक्याच अलगद.

नजर डोळ्यांवर

आता फोकस. माणसाच्या फोटोत डोळे स्पष्ट हवेत, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. डोळे पुसट असतील तर पैठणीच्या पदरावरचा मोर कितीही कोरीव येऊ दे, फोटो फुकट.

बहुतेक कॅमेऱ्यांचं बटन दोन टप्प्यांत दाबलं जातं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो, 'टिक्' असा आवाज येतो किंवा हिरवा चौकोन दिसतो. पूर्ण दाबलं की फोटो निघतो. आपण घाईत एकदम पूर्ण दाबतो आणि कॅमेऱ्याला जे आधी दिसेल त्यावर तो फोकस करून मोकळा होतो. डीएसएलआरमध्ये फोकसचे अनेक ठिपके असतात. त्यांतला मधला एकच चालू ठेवा, तो तुमच्याजवळच्या डोळ्यावर आणा, अर्धं बटन दाबून धरा, मग चौकट हवी तशी थोडी सरकवा आणि पूर्ण दाबा. या दरम्यान तुम्ही पुढे-मागे झुकू नका. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा आपोआप ओळखण्याची सोय असते, ती चालू करून ठेवली की काम सोपं होतं.

इथेच ॲपर्चर समजून घेऊ. ती लेन्सची बाहुली. आकडा लहान तर बाहुली मोठी, उजेड जास्त, पण स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद. साध्या डीएसएलआरला ५० मिलिमीटरची लेन्स लावून, एफ १.८ वर, पाच फुटांवरून फोटो काढला तर जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा कोरीव आणि कान पुसट! आकडा एफ ५.६ केला की तोच पट्टा १९-२० सेंटिमीटरचा होतो, म्हणजे अख्खा चेहरा त्यात मावतो. मागचं धूसर करण्याच्या हौसेपायी सुरुवातीलाच एफ १.८ वर जाऊ नये. एकट्याच्या फोटोला एफ ४ ते ५.६, आणि सासू-सून शेजारी बसल्या असतील तर एफ ५.६ ते ८ ठेवावं.

कॅमेऱ्यासोबत मिळते ती १८-५५ ची लेन्स वाईट नसते. फक्त ती ५५ वर फिरवा आणि स्वतः पाच-सहा फूट मागे व्हा. जवळ जाऊन १८ वर काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. मोबाइललाही हेच लागू. फार जवळ नेऊ नका. आणि कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मुलांचा काढताना स्वतः खाली फरशीवर बसा.

चेहरा काळा का येतो?

याचं कारण कळलं की निम्मे फोटो सुधारतात. कॅमेऱ्याला उजेड मोजता येतो, पण समोरची वस्तू मुळातच पांढरी आहे की काळी हे समजत नाही. जे दिसेल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं असावं, अशी त्याची समजूत. आता तुम्ही आईंना पांढऱ्या भिंतीपुढे बसवलंत. कॅमेऱ्याला वाटतं, अरे बापरे, केवढा उजेड! तो सगळंच कमी करतो. भिंत करडी होते आणि चेहरा काळवंडतो. उलट काळ्या पडद्यापुढे बसवलं की तो सगळं वाढवतो. मग पडदा राखाडी आणि चेहरा पांढराफटक.

हे दुरुस्त करायला बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांवर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटन असतं. पांढरी भिंत, मागे उजळ आकाश, पांढरं नऊवारी असेल तर अधिककडे न्या. अर्धा-पाऊण, फार तर एक. काळा पडदा, गडद लाकडी दार असेल तर तेवढंच उण्याकडे. एक फोटो काढायचा, बघायचा, पुन्हा थोडं कमी-जास्त करायचं. आमटीची चव घेत मीठ घालतो तसंच. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये शेजारी छोटं सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवलं की हेच काम होतं.

किती उजेड जास्त झाला, हे ओळखायची खूण म्हणजे कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं. तिथे पांढरे डाग पडून कातडीचा पोत दिसेनासा झाला असेल तर लगेच उजेड उतरवा. थोडा अंधारा फोटो नंतर उजळता येतो, पण पांढरा फटफटीत झालेला भाग परत येत नाही. भाजी कच्ची राहिली तर पुन्हा शिजवता येते, करपली की संपलं. जरीचे काठ, नथीचे मोती, ठुशी यांच्यावर एखाददुसरा चमकता ठिपका आला तर हरकत नाही. मोजायचं ते चेहऱ्यावर.

गोरं नको, खरं हवं

फोटो बघितल्यावर 'जरा उजळ कर की गं' ही फर्माईश ठरलेली. रंगाचा हा हट्ट कॅमेऱ्याच्या जगातही जुनाच आहे. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवून बघायला लॅबना एक नमुना-फोटो पाठवत असे. १९५० च्या दशकापासून त्यावर गोऱ्या कांतीची बाई असे. त्या नमुन्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा नीट आला की रंग बरोबर, असं गणित. सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे त्यात कसे येतात, याचा विचार फार उशिरा झाला.

आता ते बंधन नाही. सावळा रंग खिडकीच्या मऊ उजेडात अतिशय देखणा येतो. त्यावर उजेडाची जी तकाकी उमटते ती फार सुंदर असते. गव्हाळ, सावळ्या कांतीला उजेड वाढवून पांढरं करू नका. मोबाइलमधला चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टरही बंद ठेवा. आईंच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, तोंडावरचा वांग, हे सगळं त्यांचंच आहे. तेच पुसलं, तर मग फोटो कुणाचा काढला?

फ्लॅशचं काय?

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून झपकन पडतो. चेहरा सपाट आणि तेलकट दिसतो, डोळे लाल येतात, भिंतीवर काळी सावली पडते. घरात दिवसा तो बंदच ठेवा. त्याचा खरा उपयोग बाहेर. माणसाच्या मागे लख्ख आकाश असेल आणि चेहरा सावलीत असेल, तर पाच-सात फुटांवरून फ्लॅश मारला की चेहरा उजळतो. वेगळा लावायचा फ्लॅश असेल तर तो पांढऱ्या छताकडे वळवा, उजेड वरून पसरून मऊ येतो.

माणूस बसवताना

कॅमेरा समोर आला की आपल्याकडची मोठी माणसं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होतात. त्यात पहिलं वाक्य ठरलेलं, "कशाला गं माझा फोटो? आता काय राहिलंय चेहऱ्यात!" तेव्हा "हसा ना" म्हणून उपयोग नाही, सांगून आलेलं हसू ओठांवरच थांबतं. त्यापेक्षा बोलतं करा. "आई, तुमच्या माहेरच्या विहिरीवर कोण कोण पोहायला यायचं हो?" असं काही विचारा. त्या सांगायला लागतील, मग मध्येच थांबून आठवतील, स्वतःशीच हसतील. फोटो त्या क्षणी काढायचा.

हाताला काही काम द्या. शेंगा सोलणं, वाती वळणं, मांडीवर नातवंड. एकच फोटो काढून थांबू नका, एका वेळी दहा-पंधरा काढा. डोळे मिटलेले, तोंड उघडं आलेले नंतर काढून टाकता येतात, डिजिटल कॅमेऱ्याला रिळाचा खर्च नाही. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून थोड्या वर उचला, चमक जाते. माणूस भिंतीला टेकवून बसवू नका. चार-पाच फूट पुढे घ्या, भिंत आपोआप धूसर होते. आणि बटन दाबण्याआधी डोक्यामागे नजर टाका. गॅसचं सिलिंडर, वाळत घातलेले कपडे, कानातून उगवल्यासारखा दिसणारा कॅलेंडरचा खिळा, हे सगळं आधी बाजूला.

फोटो काढून झाल्यावर

इथे बरेच जण फसतात. चांगला फोटो निघतो, तो व्हॉट्सॲपवरून मुलीला जातो, ती भावाला पाठवते, आणि वर्षभराने त्याच प्रतीवरून मोठी फ्रेम करायला दिली जाते. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो. छापायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा मेमरी कार्डावरून मूळ फाइलच द्या.

४ बाय ६ इंचांच्या चांगल्या प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेलही पुरतात. ८ बाय १० इंचांसाठी सव्वासात. म्हणजे कपाटातला तुमचा जुना आठ मेगापिक्सेलचा कॅमेराही भिंतीवरच्या फ्रेमसाठी पुरेसा आहे. मात्र त्या वेळी फोटोचा आकार सगळ्यांत मोठा निवडलेला हवा. मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर. आणि पाच-सहा तरी छापून घ्याच. मोबाइल हरवतो, कार्ड बिघडतं. छापलेला फोटो ट्रंकेत पडून पन्नास वर्षांनीही सापडतो.

कॅमेऱ्याची काळजीही घ्या. लेन्स पदराने पुसू नका, चरे पडतात. चष्म्याचं मऊ कापड वापरा. कोकणात किंवा पावसाळी भागात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. पडून राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवा.

हे लक्षात असू द्या

* खिडकीपासून दोन-तीन फूट, चेहरा तिरपा, खोलीतला दिवा बंद.
* शटर १/१२५ किंवा जास्त, मुलांसाठी १/२५०. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवा.
* एकट्या माणसाला एफ ४ ते ५.६, दोघींना एफ ५.६ ते ८.
* फोकस जवळच्या डोळ्यावर. बटन आधी अर्धं, मग पूर्ण.
* मागे पांढरं असेल तर अधिक, काळं असेल तर उणे.
* मूळ फोटो दोन ठिकाणी, आणि थोडे तरी कागदावर.

येत्या रविवारी दुपारची झाकपाक झाली की चारच्या सुमारास दहा मिनिटं काढा. आईंना, मामंजींना, शेजारच्या एकट्या काकूंना खिडकीशी बसवा. आणि हो, त्यांचं झालं की कॅमेरा मुलीच्या हातात द्या, अर्धं बटन कसं दाबायचं ते तिला दाखवा आणि त्याच खुर्चीत तुम्ही बसा. घरच्या अल्बममध्ये सगळ्यांत कमी फोटो तुमचेच असतील, मोजून बघा!